स्का म्हणजे वेगात वाजवलेला रेगे नव्हे

प्रश्न असा आहे: ‘आमच्या कॉलेजच्या बँडला स्का बसवायचा आहे, मी गिटार वाजवतो. स्का म्हणजे जरा वेगात वाजवलेला रेगेच ना? आणि ही गाणी तर अगदी मजेशीर, नाचरी वाटतात. मग त्यांचा समाजावर एवढा परिणाम झाला असं म्हणतात, ते कशावरून? जुनी कोणती गाणी ऐकावीत?’

मी पंचवीसेक वर्षं गिटार वाजवतोय. त्यातली निम्मी तरी जमैकन संगीत वाजवणाऱ्या छोट्यामोठ्या बँडांत गेली. त्यामुळे आधी ठेक्याचं बोलतो, मग समाजाचं. खरं तर या संगीतात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

स्का आणि रेगे दोन्ही कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाचे, पण पहिलं म्हणजे क्रम उलटा आहे. स्का आधीचा, साधारण १९५९-६० पासूनचा. १९६६ च्या सुमारास तो सावकाश झाला, त्याला रॉकस्टेडी म्हणू लागले. त्यातून १९६८ च्या आसपास रेगे निघाला. नातवाचं नाक आजोबांसारखं असेल, तर आजोबांनी नातवाची नक्कल केली असं कुणी म्हणत नाही.

आता ठेका. केरवा तुम्हाला येत असेलच: धा गे ना ती, न क धी न. हळू नाही, चालता धरा. स्कामध्ये बेस पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर एकेक पाऊल टाकत चालतो. ड्रमवाल्याचा पायाचा ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरचा खटका तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे ‘ना’ आणि ‘धी’वर एकत्र पडतात. समेवर ड्रम जवळजवळ गप्प. आणि गिटार, पियानो, कधी सॅक्सोफोनसुद्धा उरलेल्या जागा घेतात: गे, ती, क, न. बाकी सगळे जिथे थांबतात तिथे तुम्ही वाजवायचं, आणि वाजवून लगेच गप्प व्हायचं. कॉर्ड दाबून धरला की स्का मेला. आवाज निघाला न निघाला तोच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. उचललीत तर तारा किणकिणतात. वरच्या तीन-चार बारीक तारा पुरतात.

सुरुवातीच्या, १९६०-६२ च्या रेकॉर्डांत या उलट्या मात्रा किंचित मागे रेलतात, कारण ते वादक अमेरिकन शफलवर, म्हणजे डुलत चालणाऱ्या ठेक्यावर, वाढले होते. १९६४ पर्यंत त्या सरळ आणि धारदार होत गेल्या. दोन्ही ऐका. फरक कानाला कळला की हाताला आपोआप येतो.

आमची पहिली फजिती सांगतो. शहरातल्या एका हॉटेलात कार्यक्रम होता. आमचा ड्रमर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा, हात पक्का, पण समेवर ठोकल्याशिवाय त्याला चैन पडेना. समेवर तो धाडकन वाजवणार आणि त्याच्या मागोमाग माझी गिटार चोरासारखी येणार. तीन गाण्यांनंतर हॉटेलचा मॅनेजर येऊन म्हणाला, ‘काहीतरी ओळखीचं वाजवा ना.’ पुढच्या तालमीला आम्ही वाद्यं बाजूला ठेवली आणि तासभर नुसत्या टाळ्या वाजवल्या. तो पायाने ना-धी, मी हाताने गे-ती-क-न. त्या दिवशी समेवर काही न करणं त्याला जमलं. आजही नवीन कुणी आला की आम्ही आधी टाळ्याच घेतो.

हा ठेका आला कुठून? जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या साउंड सिस्टिममधून. ऑर्केस्ट्राचे पैसे परवडणार नाहीत अशा वस्त्यांत मोकळ्या आवारांत मोठमोठे स्पीकर लावायचे, अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी वाजवायच्या, प्रवेशाचे आणि दारूचे पैसे घ्यायचे. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड, माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचा मालक ड्यूक रीड, आणि थोड्या उशिरा आलेला प्रिन्स बस्टर, हे त्यातले मोठे खेळाडू. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून हे लोक रेकॉर्डीवरचं लेबल खरवडून टाकत आणि गाण्याला स्वतःचं नाव देत. कॉक्सनकडे असलं एक हुकमी सॅक्सोफोनचं गाणं होतं, ‘कॉक्सन हॉप’. मूळचं ते विलिस जॅक्सन या अमेरिकन वादकाचं. ड्यूक रीडच्या माणसांनी ते शोधून काढलं आणि एका रात्री भर गर्दीत रीडने तेच वाजवलं. प्रिन्स बस्टर तेव्हा कॉक्सनच्या सोबत होता. रेकॉर्ड सुरू झाली तसा कॉक्सन चक्कर येऊन पडायच्या बेतात होता, असं बस्टर पुढे सांगायचा.

मग पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिका रॉक अँड रोलकडे वळली आणि किंग्स्टनला हवा असलेला तो डुलता शफल मिळेनासा झाला. तेव्हा हेच धंदेवाले स्थानिक वादकांना स्टुडिओत बोलावून आपापल्या रेकॉर्डी काढू लागले. म्हणजे स्काचा जन्म झाला तो धंद्यातल्या टंचाईमुळे. क्रांती करू म्हणून कुणी बसलं नव्हतं.

वादक मात्र आयते आणि अव्वल मिळाले. त्यातले बरेच अल्फा बॉइज स्कूलचे. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही शाळा अनाथ, गरीब आणि ‘हाताबाहेर गेलेल्या’ पोरांसाठी होती. तिथे बँड होता आणि शिस्त कडक. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस या जोगीणबाईंना जॅझचं इतकं वेड, की त्यांचा स्वतःचा रेकॉर्डसंग्रह होता आणि त्या तो मुलांना ऐकवत. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, जॉनी ‘डिझी’ मूर, लेस्टर स्टर्लिंग, रिको रॉड्रिग्ज हे सगळे तिथले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईच्या सिनेसंगीतात आलेले व्हायोलिन-ट्रम्पेटवाले आठवले, तर ही जातकुळी आपल्याला परकी वाटणार नाही.

आता गाणी. पहिलं ‘ओह कॅरोलिना’, १९६० च्या सुमाराचं, फोक्स ब्रदर्सनी गायलेलं. प्रिन्स बस्टरने त्यात काउंट ऑसी आणि त्याच्या रास्ताफारी या जमैकन धर्मपंथातल्या ढोलवाल्यांना आणलं. हे नुसतं ऐकून कळत नाही, पण त्या काळी रास्ताफारी म्हणजे सभ्य घरांनी दार लावून घ्यावं असे लोक. पोलिसांचा त्यांना जाच होता. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्सला दंगा झाल्यावर तर त्यांची सरसकट धरपकड आणि मारहाण झाली, आणि त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी माफी मागायला २०१७ साल उजाडलं. अशा लोकांचे ढोल रेकॉर्डवर, नाचाच्या गाण्यात, पुढे आणून ठेवणं ही मोठी गोष्ट होती. मुलीला लाडीगोडी लावणारं साधं प्रेमाचं गाणं आहे ते, शब्दांत राजकारण औषधालाही नाही. पण ढोल कुणाचे वाजताहेत, हे किंग्स्टनमध्ये ज्याला कळायचं त्याला बरोबर कळलं. १९९३ मध्ये शॅगी या गायकाने तेच गाणं नव्याने गायलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं.

इथे एका बाईचं नाव घ्यायलाच हवं, कारण स्काच्या गोष्टी बहुधा पुरुषांच्याच सांगितल्या जातात. अनिता महफूद ऊर्फ मार्गारिटा, रुंबा नाचणारी, चांगल्या घरातली. व्हिअर जॉन्सच्या लोकप्रिय कार्यक्रमात ‘काउंट ऑसीचे ढोलवाले नसतील तर मी नाचणार नाही’ असं तिने ठणकावलं आणि रास्ता वादक मोठ्या रंगमंचावर आले, अशी हकीकत आहे. ‘वुमन अ कम’ हे तिने गायलेलं गाणं शोधून ऐका. सूर जरा घसरतो, पण ते विसरता येत नाही.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाली. त्या वेळचं हुकमी गाणं डेरिक मॉर्गनचं ‘फॉरवर्ड मार्च’. स्वातंत्र्याची गाणी पुष्कळ निघाली, पण याला पाय थिरकायचे. गंमत म्हणजे याच गाण्यावरून भांडण पेटलं. प्रिन्स बस्टर म्हणाला, यातला सॅक्सोफोनचा तुकडा माझ्या गाण्यातून उचललाय. मॉर्गन तोवर लेस्ली काँग या चिनी वंशाच्या निर्मात्याकडे गेला होता, तो रागही होताच. बस्टरने ‘ब्लॅकहेड चायनामॅन’ नावाचं गाणं काढलं, मॉर्गनने ‘ब्लेझिंग फायर’ने उत्तर दिलं, आणि चाहत्यांत मारामाऱ्या सुरू झाल्या. शेवटी दोघे मित्र आहेत असं दाखवणारे फोटो छापून आणावे लागले. स्का म्हणजे सगळा वंशभेदाविरुद्धचा पवित्र आवाज, असं लिहिणारे हे प्रकरण गाळतात. मी गाळणार नाही. ते गाणं नाचायला झकास आहे आणि त्यातला टोमणा वंशावरून आहे, दोन्ही खरं. आणि ज्या काँगला टोमणा मारला, त्याच्याच ‘बेव्हर्लीज’ या रेकॉर्ड कंपनीने जिमी क्लिफ आणि डेसमंड डेकर हे गायक पुढे आणले.

तुमच्या ‘मजेशीर’ या शब्दाचं उत्तर मला ‘सिमर डाउन’मध्ये सापडतं. १९६४ च्या सुरुवातीला हे गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारे वेलर्स, म्हणजे बॉब मार्ली, पीटर टॉश, बनी आणि मंडळी, सगळी जेमतेम मिसरूड फुटलेली पोरं. साथीला कॉक्सनच्या स्टुडिओ वनमधले बडे वादक. स्वातंत्र्य आलं, पण खेड्यातून शहरात आलेल्या पोरांना काम नव्हतं. ही पोरं, ‘रूड बॉइज’, सुरे घेऊन फिरायची, नाचाच्या आवारांत राडे करायची. गाणं त्यांना सांगतं, डोकं थंड ठेवा. त्यात जमैकन म्हण येते: कोंबडी खुशीत असते तेव्हा ससाणा जवळच असतो. आता ऐकताना नीट लक्ष द्या. शब्द ‘शांत व्हा’ म्हणताहेत आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन अंगावर धावून येताहेत. पोरांच्याच वेगात, पोरांच्याच आवारात जाऊन सांगितलं म्हणून ते ऐकलं गेलं. कीर्तनकार हसवून हसवून बुक्का लावतो, त्यातली गत. रूड बॉइज सुधारले का? नाही. पण त्यांच्यावर, त्यांच्या बाजूने आणि त्यांच्या विरुद्ध गाणी निघत राहिली, आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखात जी पोरं नुसती ‘गुंड’ होती ती गाण्यांत शेजारची पोरं झाली.

‘कॅरी गो ब्रिंग कम’ हे जस्टिन हाइंड्सचं गाणं इकडचं तिकडे करणाऱ्या कळलाव्या माणसांवर आहे. किती घरगुती विषय! तरी चाल प्रार्थनेसारखी. डेकरचं ‘ऑनर युअर मदर अँड फादर’ (१९६३) तर सरळ आईवडिलांचा मान राखा असं सांगणारं. बातमी, उपदेश, चुगली, भांडण, सगळं अडीच-तीन मिनिटांत आणि सगळ्यावर नाच. ज्यांच्या घरी रेडिओही नव्हता, त्यांचं हे वर्तमानपत्र होतं.

वाजवणाऱ्यांनी अभ्यास मात्र स्काटलाइट्सचा करावा. १९६४ मध्ये हा चमू नावारूपाला आला आणि १९६५ मध्ये फुटला, जेमतेम सव्वा वर्ष. मकूक आणि रोलंड अल्फॉन्सो टेनर सॅक्सोफोनवर, ड्रमंड ट्रॉम्बोनवर, जॅकी मिटू पियानोवर, लॉइड ब्रेव्हेट उभ्या बेसवर, लॉइड निब ड्रम्सवर. निबने बुरू या जमैकन ढोलवादनातल्या जागा ड्रम सेटवर आणल्या. वर सांगितलेला ‘ना’ आणि ‘धी’वरचा खटका त्याचा. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ ही एका युद्धपटाची धून त्यांनी अशी वाजवली, की मूळ चित्रपट न पाहिलेले लोकही ती गुणगुणतात. पण माझं आवडतं ड्रमंडचं ‘मॅन इन द स्ट्रीट’. खाली ठेका आनंदाने चाललाय आणि वर ट्रॉम्बोन असा, की बोलायला गेलेला माणूस मध्येच गप्प झालाय. एवढे मोठे वादक, पण मोबदला गाण्यामागे ठरलेला. पुढच्या विक्रीत वाटा नाही.

ड्रमंडची कहाणी रंगवून सांगायची फॅशन आहे, वेडा प्रतिभावंत वगैरे. घडलं ते असं: १९६५ च्या नववर्षाच्या सुमारास त्याने मार्गारिटाला, त्याच मार्गारिटाला, भोसकून ठार केलं. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९६९ मध्ये तो तिथेच गेला. त्याचं संगीत मी ऐकतो, शिकवतो. पण शिकवताना तिचं गाणंही लावतो.

जगाला मात्र स्का कळला तो ‘माय बॉय लॉलिपॉप’मधून. १९६४, गाणारी मिली स्मॉल, विशीच्या आतली. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये, संयोजन थोर जमैकन गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिनचं, निर्माता ख्रिस ब्लॅकवेल. मूळ गाणं अमेरिकन, १९५६ चं. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ब्लॅकवेलच्या आयलंड कंपनीला त्याने उभं केलं. पुढे बॉब मार्लीला जगभर नेलं ते याच कंपनीने. लोक या गाण्याला बालगीत म्हणून हसतात. मी सांगतो, एकदा वाजवून बघा. त्या हलकेपणाला हात फार नेमका लागतो.

त्याच वर्षी जमैकाच्या सरकारने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्का पाठवला. बरोबर बँड कुणाचा? बायरन लीचा, म्हणजे उच्चभ्रू हॉटेलांत वाजवणाऱ्या नीटनेटक्या लोकांचा. स्काटलाइट्स घरीच. गरीब वस्तीचं संगीत देशाची ओळख म्हणून चाललं, वस्तीतले वादक चालले नाहीत. लोककलेच्या सरकारी महोत्सवांत आपण हे पाहिलेलं आहे.

ब्रिटनमध्ये कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर या रेकॉर्डी आधीच पोचल्या होत्या. तिथे ‘ब्लू बीट’ या लेबलवरून स्कालाच ब्लू बीट म्हणत. गोऱ्या कामगारांची पोरंही त्यावर नाचायची. ती पोरं मोठी झाली आणि १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कव्हेंट्री शहरात स्पेशल्स बँडच्या जेरी डॅमर्सने टू टोन हे लेबल काढलं. त्यावरचे बँड: स्पेशल्स, सिलेक्टर, बीट, मॅडनेस. काळे-गोरे एकाच बँडमध्ये, काळ्या-पांढऱ्या चौकटी हीच खूण. जुन्या गाण्यांचा उसनवार उघड होता: बस्टरच्या ‘अल कपोन’वरून स्पेशल्सचं ‘गँगस्टर्स’, तर मॅडनेसने नावच बस्टरच्या गाण्यावरून घेतलं. डँडी लिव्हिंगस्टनचं १९६७ चं ‘रूडी, अ मेसेज टू यू’ स्पेशल्सनी पुन्हा केलं तेव्हा ट्रॉम्बोनवर रिको रॉड्रिग्ज होता, तोच अल्फा शाळेचा. मूळ गाण्यातही ट्रॉम्बोन त्याचाच.

पण श्रोत्यांत नॅशनल फ्रंट या अतिउजव्या ब्रिटिश पक्षाचे वर्णद्वेषी पोरगेही असायचे, नाझी सलाम ठोकत आणि याच गाण्यांवर नाचत. ठेका सगळ्यांना नाचवतो, त्यात त्याची निवड नसते. स्पेशल्सचा गिटारवादक लिनव्हल गोल्डिंगवर १९८० मध्ये लंडनमध्ये वर्णद्वेषी हल्ला झाला. त्याने त्यावर ‘व्हाय?’ लिहिलं, मारणाऱ्यालाच विचारणारं. १९८१ च्या एप्रिलमध्ये कव्हेंट्रीच्या मध्यवर्ती बाजारात एका पंजाबी विद्यार्थ्याचा वर्णद्वेषातून खून झाला, आणि जूनमध्ये स्पेशल्सनी त्याच शहरातल्या बट्स मैदानावर वर्णद्वेषाविरोधी मैफल केली.

त्याच जूनमध्ये ‘घोस्ट टाउन’ आलं. मोटारींचे कारखाने बसत होते, क्लब बंद पडत होते. दौऱ्यावर असताना ग्लासगोत म्हाताऱ्या बायका घरातल्या कपबश्या रस्त्यावर विकताना दिसल्या, असं डॅमर्सने सांगितलं आहे. जुलैत ब्रिटनच्या शहरांत दंगली उसळल्या आणि त्याच आठवड्यांत हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, तीन आठवडे. त्यामुळे दंगली झाल्या असं नाही, गाण्याने त्या घडवल्या नाहीत. पण देशाला काय होतंय हे पंतप्रधानांच्या भाषणापेक्षा या गाण्यात जास्त ऐकू येत होतं. संगीत म्हणूनही बघा: वेग उतरवलेला, ऑर्गन भुताटकीचा, उलट्या मात्रांवरचा गिटारचा खटका तोच, पण आता नाचासाठी नाही, ओसाड गल्लीत कुणाची पावलं वाजावीत तसा. आणि हे गाणं वर असतानाच बँड फुटला.

पुढचं भराभर. डॅमर्सचं ‘फ्री नेल्सन मंडेला’ १९८४ चं, त्यात स्कापेक्षा आफ्रिकन चाल जास्त. अमेरिकेतली नव्वदीतली लाट मला फारशी रुचत नाही. ट्रम्पेट भरपूर, बेसला चाल नाही. जपानचा टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा १९८५ पासून आहे आणि फर्मास वाजवतो. आपल्याकडे दिल्लीचा स्का व्हेंजर्स हा बँड ऐका. इथल्या विषयांना हा ठेका कसा लागू पडतो ते कळेल.

बँडसाठी पहिलं गाणं ‘सिमर डाउन’ घेऊ नका, वेगात हात आखडतील. ‘मेसेज टू यू रूडी’ने सुरुवात करा. संथ आहे, कॉर्ड तीनच, आणि ट्रॉम्बोन नसेल तर तो तुकडा मेलोडिकावर, म्हणजे फुंकून वाजवायच्या छोट्या कीबोर्डवर, चालतो. ऐकताना एक काळजी घ्या: जुन्या गायकांनी पुढे हीच गाणी सिंथेसायझर लावून पुन्हा गायली आहेत आणि स्वस्तातल्या संग्रहांत तीच घुसडलेली असतात. ओळखायची खूण सोपी आहे. मूळ रेकॉर्डमध्ये उभ्या बेसचा लाकडी, थोडा फुगलेला आवाज येतो आणि सगळे वादक एकाच खोलीत दाटीवाटीने उभे असल्यासारखे वाटतात. प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ, चकचकीत ऐकू आलं, तर ती रेकॉर्ड बंद करून दुसरी शोधा.